पिंपळाखालचं लाल गाठोडं

निवेदिताचं पत्र येऊन सोळा दिवस झाले होते आणि मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र शब्दकोशाखाली ठेवलं होतं, म्हणजे दिसू नये. पण शब्दकोश मला रोजच लागतो.

‘काका,’ तिनं लिहिलं होतं, ‘फोनवर तुम्ही हो-हो म्हणून ठेवून देता, म्हणून चिठ्ठी. दहा तारखेला दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी तुम्ही पुरानी बस्तीच्या पिंपळाजवळ उभे होते. मारोतीभाऊंनी लाल गाठोडं उचललं, ते माझ्या कॅमेऱ्यात आहे. पण त्याच्या आधीचे पंधरा सेकंद फांदी मधे येते. तेव्हा तुम्ही त्यांच्याकडेच बघत होते. काय पाहिलं ते कृपया लिहून कळवा.’

निवेदिता ही समता कॉलनीतल्या गंगाधररावांची मुलगी. लहानपणी आमच्या वाचनालयातून पुस्तकं न्यायची आणि कधीही वेळेवर परत करायची नाही. आता ती शहरातल्या कॅमेऱ्यांचे पडदे जिथं लावले आहेत, त्या खोलीत आठ-आठ तास बाजाराचा चौक पाहते.

मारोती तसबिरींच्या दुकानात काच कापायचा. आपल्याकडे देवाची तसबीर फुटली की ती कचऱ्यात टाकवत नाही. माणसं ती कापडात बांधतात, पिंपळाखाली ठेवतात, हात जोडतात आणि विसरतात. पुढचं मारोती करायचा. गाठोडी दुकानात नेऊन बाकाखाली ठेवायची, अमावास्येला सोडायची, काच-चौकट वेगळी करून कागद तलावात विसर्जित करायचा. तीस वर्षं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी अभनपूरहून लग्नाच्या खरेदीला आलेली एक बाई साडीचा चपटा खोका लाल ओढणीत बांधून पिंपळाखाली टेकवून समोर बांगड्या पाहायला गेली. खोक्यात पैंजणही होते. मारोतीनं तो उचलला. निवेदितानं पाहिलं, कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांना गाठोडं बाकाखाली सापडलं, गाठ न सुटलेलं. बाईला सगळं परत मिळालं. निवेदिताला शाबासकीचं प्रमाणपत्र मिळालं. मारोती चौथ्या दिवशी जामिनावर सुटला आणि दुकानाच्या मालकानं त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

मी पाहिलं होतं ते एवढंच. मारोतीनं चपला काढल्या, गाठोड्याला हात जोडले आणि मग ते उचललं.

पण माझ्या पाहण्याचा भरवसा काय? जन्मभर वाचत आलो. आठवणीतल्या निम्म्या गोष्टी माझ्या बाबतीत घडलेल्याच नाहीत. चपला त्यानं काढल्या होत्या, की मागाहून मी त्याला काढायला लावल्या?

सतराव्या दिवशी ती स्वतःच वाचनालयात आली.

“काका, चिठ्ठी मिळाली ना?”

“मिळाली.”

“मग?”

मी रजिस्टर उघडलं, बंद केलं. “वरून कसं दिसतं गं सगळं?”

“मी काय विचारून राहिली, तुम्ही काय विचारून राहिले!” ती हसली, पण खुर्ची ओढून बसली. “वरून पहिले डोकंच दिसते. तुम्हाला मी टकलावरून ओळखलं. सॉरी हं. आवाज बिलकुल नाही येत. मागच्या महिन्यात चार वर्षांची एक पोट्टी हरवली होती, अकरा मिनिटांत शोधून दिली मी. तिची आई ओरडत होती, मले फक्त तोंड दिसत होतं. चेन ओढणारे तर आता या चौकात फिरकत नाहीत, सच्ची.”

“चांगलंच आहे की.”

“हव. म्हणून तर मले वाटलं हेबी तसंच. दोन्हीकडे पाहिलं, वाकला, गमछ्यात लपवलं, निघाला. मीच फोन लावला काका.”

“मग आता शंका काहून?”

“चोर भागतो ना. मी पुन्हा पाहिलं. चार कॅमेऱ्यांत हा माणूस हळूहळू चालला आहे, दोन्ही हातांनी धरून. भरलेलं ताट नेतात तसा.” तिनं टेबलावरच्या पुस्तकाचा कोपरा उगाच सरळ केला. “साहेब म्हणतात, कोणी पाहिलं असेल तर लेखी आणा, फायलीत लावू. मंगळवारी फाइल कोर्टात जाईल. तोंडी नाही चालत. मुझसे गलती हुई है तो मुझे पता होना चाहिए ना, काका?”

“विचार करून लिहितो,” मी म्हणालो. ती खुर्ची मागे सारून उठली. माझा विचार किती दिवस चालतो हे तिला माहीत होतं.

दुपारी मी पिंपळापाशी गेलो. इतकी वर्षं तिथून जातो, पण मान वर करून तो कॅमेरा मी पहिल्यांदाच पाहिला. दुधी काचेच्या दिव्यासारखा होता. खाली आठ-दहा गाठोडी साचली होती. एका फाटल्या कापडातून लक्ष्मीचा तडकलेला हात दिसत होता.

“काकाजी, तुमी इकडं?” रस्त्यापलीकडून हाक आली. पानठेल्याच्या सावलीत मारोती उभा होता.

मी त्याच्यापाशी गेलो. “काय करताय?”

“पाहून राहिलो. कोनी उचलत नाही आता.”

“तुम्ही?”

“मी हात लावला तं अजून एक केस.” तो हसला. “मालकाचीबी चूक नाही जी. दुकानात पोलीस आले तं गिऱ्हाइक काय म्हनल? पन मालक म्हने, गाठोडं सोडून तं पाहाचं होतं.”

“का नाही सोडलं?”

“अवसेच्या आधी सोडत नाही मी. लोकाच्या घरचं काय काय असते त्याच्यात. फुटलेलं असते.”

तेवढ्यात एक बाई स्कूटरवरून उतरली. कापडात बांधलेली तसबीर तिनं घाईत खोडाशी टेकवली, हात जोडले आणि गेली. तसबीर घसरली आणि नालीच्या कडेला पालथी पडली.

मारोती बोलता बोलता निघाला. गाडी आली का हे डावी-उजवीकडे पाहून त्यानं रस्ता ओलांडला. गाठोड्यापासून दोन हातांवर त्याचे पाय आपोआप चपलांतून बाहेर आले. त्याचं लक्षही नव्हतं. तो वाकला, हात जोडले आणि एकदम थांबला. वर पाहिलं. हात मागे घेतले.

डांबर तापलेलं होतं. तो तसाच अनवाणी उभा राहिला.

“काकाजी, तुमीच उचला न जरा.”

मी जाऊन तसबीर उचलली, धूळ झटकली, खोडाशी नीट उभी केली. आपण चपलांसकट गेलो होतो हे मागे सरल्यावर माझ्या लक्षात आलं.

घरी येऊन लिहायला बसलो. पहिल्या चार कागदांवर कुठे ‘बहुधा’ होतं, कुठे ‘माझ्या स्मरणाप्रमाणे’. चारही फाडले. पाचवा कागद लहान झाला:

‘दहा तारखेला दुपारी मी पिंपळापासून सहा पावलांवर होतो. मारोती यांनी चपला काढल्या. गाठोड्याला हात जोडले. मग ते गमछ्यात घेऊन उचलले. हे मी पाहिले. कोर्टात विचारल्यास हेच सांगेन.’

खाली पूर्ण नाव, वय, पत्ता. सही जरा वाकडी आली, पण माझीच होती.

स्वतः तिच्या हातात द्यायला गेलो असतो तर तिच्या दारातून परतलो असतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून पाकीट चिकटवलं आणि डाकघरापर्यंत चालत गेलो. शुक्रवार होता, संध्याकाळची डाक निघायला अजून अर्धा तास होता. पाकीट लाल पेटीच्या फटीत अर्धं गेलं, तेव्हा मी ते पुन्हा बाहेर काढून पत्ता वाचला. मग सोडलं.

पेटी रिकामी असावी. पाकीट तळाला पडल्याचा आवाज स्पष्ट आला.