बिनसरपंचाची वस्ती

मी एक जुनी वस्ती आहे, मित्रांनो. ओहायोतल्या मक्याच्या शेतांमध्ये, रस्त्याच्या वळणावर माझी थोडीशी घरं आहेत. माझं नाव लिंडन फोर्क. मला शहराचा दर्जा नाही; महापौर नाही की पोलीसचौकी नाही. जनगणनेवाल्यांना माझी माणसं मोजायची होती, म्हणून त्यांनी नकाशावर माझ्याभोवती एक रेघ ओढली. तीच माझी हद्द.

ओढ्याकाठी पिठाची गिरणी निघाली आणि माझा जन्म झाला. गिरणीभोवती घरं आली, चर्च आलं, शाळा आली. आगगाडीसुद्धा थांबायची. पुढे गिरणी बंद पडली, रूळ उखडले, तरुण मुलं शहरात गेली. मागे राहिलेल्यांचंही एकमेकांकडे जाणंयेणं कमी झालं. मला फार उदास वाटायचं.

२००१ साली गिरीश आणि त्याची बायको मोना माझ्याकडे राहायला आले. गिरीशची नोकरी ओहायोतल्याच डब्लिन शहरात. पण दोघांना मोठं अंगण हवं होतं. शेजारी लांबून हात हलवायचे, तेवढीच ओळख. २००४ च्या हिवाळ्यात गिरीशच्या आई, पद्मिनीबाई, नागपूरहून आल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "इथला सरपंच कोण रे?"

"कुणीच नाही, आई. ही अनइनकॉर्पोरेटेड जागा आहे, स्वतःची नगरपालिका नसलेली."

"म्हणजे काही झालं तर जायचं कुणाकडे?"

गिरीशने नुसती त्यांची बॅग उचलून आत नेली. खरं सांगते, हा प्रश्न मलाही पडायचा.

नाताळच्या सुमारास गोठणारा पाऊस पडला. फांद्याफांद्यांवर काचेसारखा बर्फ चढला. सकाळी ओकचं मोठं झाड रस्त्यावर आडवं झालं, तारा तुटल्या आणि वीज गेली.

"समोरचे आजोबा एकटे आहेत ना? आधी त्यांना बघून ये," पद्मिनीबाई म्हणाल्या.

गिरीश घसरत, सावरत वॉल्टर आजोबांकडे पोचला. आजोबांना श्वासासाठी ऑक्सिजनचं यंत्र लागायचं. ते बंद पडलं होतं. ओठ निळसर झाले होते. "जादाची टाकी लावलीय," ते धापा टाकत म्हणाले, "पण दुपारपर्यंतच पुरेल."

गिरीशने ॲम्ब्युलन्सला फोन केला. ती निघाली, पण झाड हटल्याशिवाय पोचणार कशी? मग त्याने एकेक दार वाजवलं. डेल नावाचा शेतकरी यांत्रिक करवत घेऊन आला. त्याच्यामागून बाकीचेही आले. कुंपणावरून भांडून कित्येक वर्षं अबोला धरलेले दोघे शेजारी एकच ओंडका ओढू लागले. ते पाहून माझा ऊर भरून आला.

पद्मिनीबाईंनी गॅसवर पातेलंभर चहा उकळला. मोना आणि त्या पेले घेऊन रस्त्यावर आल्या.

"यात काय आहे?" डेलने विचारलं.

"आलं घातलंय. प्या, हातांत ऊब येईल," पद्मिनीबाई चक्क मराठीत म्हणाल्या. डेलने आणखी एक पेला मागून घेतला.

दुपार व्हायच्या आत रस्ता मोकळा झाला आणि ॲम्ब्युलन्स दाराशी आली. आजोबा वाचले.

त्यानंतर ते चांगले २००८ पर्यंत जगले. त्यांचा मुलगा लांब राहायचा. त्यामुळे दर रविवारी त्यांचं जेवण गिरीशकडेच असे. ते गेले तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला डेलच्या शेजारी गिरीश होता. त्या दिवशी माझ्या रस्त्यावर एकही माणूस घरात बसला नव्हता.

मित्रांनो, मी या माणसांची फार ऋणी आहे. तुम्ही मोठ्या शहरात राहा नाहीतर माझ्यासारख्या छोट्या वस्तीत, शेजाऱ्याचं दार अधूनमधून वाजवत जा. आत कुणीतरी वाट बघत असेल.