सासऱ्यांचा ओठ

आमच्या घरात दोन प्रयोगशाळा होत्या. एक मी रोज डबा घेऊन जायची ती मत्स्य खात्याची, आणि दुसरी माझ्या सासऱ्यांचा खालचा ओठ. खाडीतून शिंपल्या काढल्या की गल्लीतली माणसं बादल्या घेऊन आमच्या पायरीशी यायची. अण्णा एक शिंपली उघडायचे, आतलं मांस ओठाला लावायचे आणि डोळे मिटून बसायचे. ओठाला मुंग्या आल्या तर बादली परत पाण्यात. नाही आल्या तर खुशाल खा.

"तुझ्या मशीनला दोन दिवस लागतात," ते मला चिडवायचे. "माझं मशीन चहा होईपर्यंत निकाल देतं. वर वीज लागत नाही."

"आणि ज्या विषानं मुंग्याच येत नाहीत, त्याचं काय?"

"ते तुमच्या खात्यानं आणलंय. आधी नव्हतं."

मला रागही यायचा आणि हसूही. सासूबाई गेल्यापासून अण्णांशी बोलायला दारात माणसं यायची ती या ओठापायीच. तो काढून घेतला असता तर त्यांच्या हाती उरलं काय असतं? म्हणून मी भांडायची, पण हातचं राखून.

यंदा उन्हाळा हटता हटेना. वारा पडलेला, पाणी डबक्यासारखं. वरच्या शेतांतलं खत नदीनं खाली आणलं, शहरातल्या गटारांनी त्यात आपला वाटा घातला, आणि एवढी मेजवानी मिळाल्यावर पाण्यातलं बारीक शेवाळ असं माजलं की खाडीला गंजाचा रंग चढला. शिंपल्या बिचाऱ्या दिवसभर तेच पाणी गाळून जगतात. विष त्यांच्या अंगात साठतं, त्यांना काही होत नाही, श्वास अडकतो तो खाणाऱ्याचा. उकळा नाहीतर तळा, ते जात नाही. आमच्या खात्यानं शिंपल्या काढायला खाडी बंद केल्याची पाटी लावली. गल्लीनं पाटी वाचली आणि बादल्या भरल्या, कारण खरा निकाल अजून पायरीवर लागायचा होता.

त्या सकाळी मी चहा गाळून दिला. 'कढत आहे' म्हणेपर्यंत अण्णांनी घोट घेतलासुद्धा. ओठावर बघता बघता फोड आला. ते शांतपणे म्हणाले, "साखर कमी पडली गं."

महिन्यापूर्वी त्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. थोडक्यात निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. ओठाची चौकशी कुणी केलीच नाही.

मी काही विचारणार तोच बाहेरून हाक आली. जाळी विणणारी काकू बादली घेऊन उभी होती, मागे आणखी चारपाच जण.

"लवकर सांगा हो अण्णा. नातवंडं सुट्टीला आलीत, सकाळपासून डोकं खाताहेत."

अण्णा पायरीवर बसले. शिंपली उघडली, ओठाला लावली, नेमकी फोडावर, आणि डोळे मिटले. मी दारात उभी. यांना आता काही कळत नाही, हे चारचौघांत म्हणायला जीभ रेटेना. आणि गप्प बसावं, तर काकूची नातवंडं.

"काय, अण्णा?"

त्यांनी डोळे उघडले. "ठीक वाटतंय."

अण्णा एरवी 'वाटतंय' कधी म्हणत नसत. आहे किंवा नाही, एवढंच म्हणत.

मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले. "ठीक आहे ना? मग पहिली मी खाते." बादलीतली एक शिंपली घेऊन मी उघडली.

"अगं, कच्चीच?" काकू हसली.

मी शिंपली तोंडाशी नेली. खाल्ली असती की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. मी फक्त त्यांच्याकडे बघत होते.

अण्णांनी असा फटका मारला की शिंपली रस्त्यापलीकडे जाऊन पडली.

"थुंक! आधी थुंक!"

"अहो, तुम्हीच तर म्हणालात," काकू गोंधळली.

"मला काही कळत नाही!" अण्णा ओरडले. मग आवाज एकदम बसला. "महिना झाला. ओठ मेलाय माझा. तुम्ही येत राहिलात, मी सांगत राहिलो. वाटलं, येईल परत. ओता ते सगळं पाण्यात. आणि यापुढे पाटी वाचा, मला विचारू नका."

काकूनं बादली उचलली, बाकीच्यांनीही उचलल्या, आणि एकेक करून सगळे निघून गेले. पायरीवर आम्ही दोघंच राहिलो.

अण्णांनी खांद्यावरचा पंचा घेतला आणि माझं तोंड पुसायला लागले. ओठ पुसले, हनुवटी पुसली, पुन्हा ओठ पुसले. इतक्या वर्षांत त्यांनी मला नमस्काराला डोक्यावर हात ठेवण्यापलीकडे कधी स्पर्श केला नव्हता.

"मुंग्या येताहेत का? खरं सांग, पोरी."

"नाही, अण्णा."

तरी ते पुसतच राहिले. शिंपली माझ्या तोंडाला लागलीच नव्हती. मी ते सांगितलं नाही, तोंड पुढे करून बसून राहिले.