तळातल्या पाण्याची चव

रोज सकाळी, तोंड धुण्याच्या आधी, मी पडावाच्या तळातील पाणी बोटाने जिभेवर घेत असे आणि मग थुंकत असे. हे वाचून कोणास किळस आली तर मी त्यास दोष देणार नाही. मलाही येत असे. तथापि ती आमच्या घराण्याची रीत होती आणि सहा वर्षांत मी ती एकही दिवस मोडली नाही.

रीत माझ्या वडिलांची. त्यांचे नाव जनू. ते मिठागरावर कामास होते. वाफ्यातील पाणी जिभेला लावून मीठ उद्या धरेल की परवा, हे ते सांगत आणि ते कधी चुकले नाहीत. पुढे ते रेतीच्या पडावावर गेले तेव्हाही त्यांनी जीभच वापरली. तळात पाणी साचले की प्रथम त्याची चव घ्यावयाची. गोड लागले तर ते पावसाचे, म्हणजे वरच्या फळ्या गळतात. खारे लागले तर ते खाडीचे, म्हणजे तळ गळतो. भर पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे होते, तेवढे दोन महिने सोडून ही परीक्षा बारमाही चाले. "डोला फसतो, जीभ फसत नाय," असे ते म्हणत. माझी, म्हणजे हरिचंद्राची, शाळा सातवीत सुटली. परंतु हे वाक्य मी कोणत्याही कवितेपेक्षा चांगले पाठ केले.

पडाव म्हणजे रेती वाहणारी मोठी लाकडी होडी. पडावाच्या मालकाने सन १९८६ मध्ये लोखंडी होड्या आणल्या आणि हा जुना पडाव काठाला टाकून दिला. त्याच वर्षी मिठागर बंद पडून आमची खोपटी मोडली गेली होती. मी मालकास विनंती केली. तो हसून म्हणाला, राहा, नाहीतरी मी तो जाळणारच होतो. अशा रीतीने मी, माझी पत्नी पुतळाबाई आणि आमची मुलगी चिमी उल्हासनगरच्या मागील बाजूस, भरतीचे पाणी जेथवर चढते तेथे, पाण्यावर राहू लागलो.

पाणी म्हणतो, कारण दुसरा शब्द नाही. आमच्यापासून शंभर पावलांवर कारखान्यांचा नाला नदीस मिळत असे. सोमवारी तो निळा असे, बुधवारी तांबडा, आणि रविवारी नुसता फेस. ओहोटीच्या वेळी पडाव गाळात बसे आणि त्या गाळातून असा वास येई की जणू कोणी मेलेल्या जनावरास रॉकेलने आंघोळ घातली आहे. त्या पाण्यात लोखंडी खिळा चार महिने टिकत नसे; त्याचे डोके गळून पडे व फळी सुटे. सुंभाचा दोर हातात घेतला तर शेवयांसारखा तुटे. डांबर लावावे तर ते पंधरा दिवसांत मऊ पडून अंगाला, भांड्यांना, अंथरुणाला चिकटे. मी एक फट बुजवी तोच दुसरी उघडे. तळात उंदीर मरत आणि कोठे मेले ते शोधण्यात आमचे रविवार जात. मागील टोकास गोणपाट लावून संडास केला होता. त्याची फळी तीनदा कुजली आणि तिसऱ्या वेळी मी तिच्यासह कमरेपर्यंत खाली गेलो. पुतळाबाईने मला दोरीने वर काढले आणि दोन दिवस जेवली नाही. रुसवा नव्हता. घास तोंडापर्यंत नेला की तिला उलटी येई.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये हासानंद नावाचे सिंधी दुकानदार होते. खिळे, कापूस, डांबर, सुतळी मी त्यांच्याकडूनच घेई. मला पाहताच ते नोकरास सांगत, "आ गया डॉक्टर साहब." आणि मजला विचारीत, "साईं, नाव में रहता है या अस्पताल में? रोज पट्टी बांधता है." त्यावर सर्व गिऱ्हाईक हसे. मीही हसे. हसून झाल्यावर मला त्या हसण्याचीही घाण वाटे.

एवढे असूनही मी पडाव सोडला नाही. पुतळाबाईचा भाऊ कॅम्प चारला पत्र्याच्या खोलीत राहत असे. त्याने आम्हास दोनदा बोलाविले. मेव्हण्याच्या दारी राहणे मला मान्य नव्हते. हे घर कुजके असले तरी माझे होते, आणि त्याच्यात काय बिघडले हे माझी जीभ मला सांगत होती.

चिमीचे लग्न चामटोलीस झाले. घर शेतीवाले, जावई अंबरनाथला कारखान्यात. दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले. पहिले बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडील रीत कोणास सांगावी लागत नाही. मी आनंदाने निरोप पाठविला की दसरा झाला की मुलीस आणतो. उत्तरादाखल विहीणबाईंचा निरोप आला. द्रौपदीबाई म्हणजे तोंडाने फटकळ, पण व्यवहाराने सरळ बाई. त्यांनी कळविले की माझी सून होडीत बाळंत होणार असेल तर ती होडी मी आधी पाहीन. पाचव्या माळेला पोरीला घेऊन येते. तळाला पाण्याचा थेंब दिसला तर पोर माझ्याबरोबर परत जाईल.

मजला हा अपमान वाटला, तथापि रास्तही वाटला. नातवंड माझ्या घरी जन्मावे, चिमीने आपल्या माहेरी कण्हावे, याखेरीज त्या दिवसांत मला दुसरी इच्छा नव्हती. मी कंबर बांधली.

आश्विन लागला होता. खाडीला पुन्हा खारेपणा चढला होता आणि संध्याकाळी गडगडाटासह सरी येत होत्या. सकाळी तळात वीतभर पाणी असे. डांबर आणि गाळ मिसळून ते नेहमीच काळे दिसे, त्यामुळे रंगावरून काही कळण्यासारखे नव्हते. मी बोट बुडवून जिभेवर घेई. गोड. दुसऱ्या दिवशीही गोड. पूर्वी तळ गळून नाल्याचे पाणी आत आले की ते जिभेला झोंबत असे; आता झोंबत नव्हते, म्हणून मी समजलो की तळ शाबूत आहे आणि दोष वरचा आहे. मी वरच्या सर्व फळ्या उचकटल्या, फटींत कापूस ठोकला, वरून गरम डांबर ओतले. पत्र्याच्या छपरावर नवी ताडपत्री बांधली. हाताची कातडी डांबराने सोलवटली. सकाळी पुन्हा वीतभर पाणी. मी डालड्याच्या डब्याने ते उपशी आणि पुन्हा वरच्याच फळ्या बुजवावयास चढे.

मध्ये चार दिवस पाऊस पडला नाही. तरीही पाणी आले.

पुतळाबाई म्हणाली की पाऊस नाही आणि पाणी आहे, हे कसे. मी तिला समजावून सांगितले की लाकूड पावसाळाभर पाणी पिते आणि मागाहून गाळते. मग तिने विचारले, "तुमाला खारं लागत नाय ना? नक्की?"

मी म्हणालो, "मिठागरवाल्याला खारं-गोड तू शिकवतेस काय?"

ती गप्प बसली. अलीकडे ती गप्पच बसत असे. त्याचे कारण मला ठाऊक होते असे मी मानीत होतो. गेल्या वर्षभरात तिच्या हातची चव गेली होती. कालवण अळणी लागे, भात अळणी लागे. मी ते बोलून दाखवी आणि ताटात वरून मीठ घेई. एकदा तिच्या भावासमोरही बोललो की हिच्या हातात आता राम राहिला नाही.

पाचव्या माळेला सकाळीच मी तळ उपसून, फडक्याने पुसून कोरडा केला. पुतळाबाईचे नवरात्राचे नऊ दिवसांचे उपवास होते. तिने पाहुण्यांसाठी वालाचे बिरडे व तांदळाच्या भाकरी केल्या. उपवासामुळे ती स्वतः चाखू शकत नव्हती, म्हणून तिने वाटीत रस घालून मजकडे दिला आणि मीठ बघायला सांगितले. मी चाखले. मीठ नव्हतेच. मी सांगितले. तिने थोडे घातले. मी पुन्हा चाखले आणि म्हणालो, पाहुणे आहेत, हात आखडू नकोस. मग तिने मिठाची बरणीच माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "तुमीच घाला."

मी मूठभर घातले.

द्रौपदीबाई दुपारी आल्या. काठावर उतरताच त्यांनी नाकाला पदर लावला तो शेवटपर्यंत काढला नाही. चिमीला आठवा महिना होता. फळीवरून चढताना तिने माझा हात धरला आणि तो हात मी अजून विसरलो नाही. विहीणबाईंनी सर्व पाहिले. अंथरूण हाताने चाचपले. तळाची झडप उघडून वाकून पाहिले. तळ कोरडा होता. त्या म्हणाल्या की वास तर आहे, पण वासाला कोणी मरत नाही, आम्हीही गोठ्यात बाळंत झालो. माझी छाती भरून आली. मी म्हणालो, आधी जेवून घ्या.

द्रौपदीबाईंचा उपवास उठता-बसता, म्हणजे पहिल्या व शेवटच्या दिवसाचाच होता. त्या जेवावयास बसल्या. पहिला घास तोंडात गेला आणि त्यांचे चावणे थांबले. त्यांनी तो घास तसाच गिळला, तांब्या उचलला आणि त्या तांब्याभर पाणी प्यायल्या. चिमी मात्र उठून बाहेर जाऊन थुंकली.

मी रागाने पुतळाबाईकडे पाहिले. माझ्या ताटातील बिरडे मी तोवर अर्धे संपविले होते.

चिमी परत आली, तिने माझ्या ताटाकडे पाहिले आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुमाला हे खारट लागत नाय?"

मी बरणीतून मिठाचा खडा उचलला व जिभेवर ठेवला. तो खडा होता, एवढे जिभेला कळले. तो मीठ आहे हे कळले नाही. मी तो चघळला, चावून त्याचा भुगा केला. वाळू चावावी तसे वाटले.

मी उठलो आणि तळाची झडप उघडली. सकाळी पुसलेल्या जागी पुन्हा काळे पाणी जमू लागले होते. बाहेर स्वच्छ ऊन होते आणि भरती चढत होती. मी बोट बुडविले, जिभेवर घेतले. गोड. किंबहुना गोडही नाही. काहीच नाही. सहा वर्षे नाल्याचे ते पाणी रोज जिभेवर घेऊन मी जीभच जाळली होती, आणि तिच्या साक्षीवर घर चालवीत होतो.

मजला कोणास सांगण्याचे धैर्य झाले नाही. तेवढ्यात पुतळाबाई माझ्या शेजारी येऊन गुडघ्यावर बसली. तिचा पाचवा उपवास होता, सकाळपासून तिने पाण्याखेरीज काही घेतले नव्हते. तिने दोन बोटे त्या घाणीत बुडविली आणि तोंडात घातली. तिचे सर्व तोंड आक्रसले, डोळ्यांतून पाणी आले. ती कडेला थुंकली, पुन्हा थुंकली, पदराने जीभ पुसली.

"खारं हाय," ती म्हणाली. "खाडीचं."

मी सुरी घेऊन खाली उतरलो आणि तळाच्या फळीत टोचली. ती मुठीपर्यंत आत गेली, जशी शिळ्या भाकरीत जावी. सुरी बाहेर काढली तशी त्या भोकातून बोटाएवढी धार उडाली आणि माझ्या तोंडावर आली. ती घाण माझ्या ओठांतून आत गेली. मला तिची चव लागली नाही.

भोकात फडके कोंबून मी वर आलो. द्रौपदीबाई हात धुऊन उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत, टोमणाही मारला नाही. ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. त्या म्हणाल्या, "व्याही, पोर मी नेते. आनि विहीणबाई, तुमी पन चला. बालंतिणीला सासूपेक्षा आयस बरी." मग मला म्हणाल्या, "तुमी पन या. घर मोठं हाय."

मी मान हलविली. होय की नाही, हे माझे मलाच ठाऊक नव्हते.

पुतळाबाईने दोन लुगडी बांधली. घटाची परडी उचलून डोक्यावर घेतली, कारण नवरात्र मध्येच मोडता येत नाही. फळीवरून उतरण्यापूर्वी ती मजजवळ आली. मी म्हणालो, तुला कळले होते का. ती म्हणाली, "वरीस झालं. भाताच्या पेजेत मी एक दिस मीठ दुप्पट टाकलं, तवाच कळलं. सांगनार व्हते. पन त्याच दिशी तुमी माज्या भावासमोर माज्या हाताला नावं ठेवली." एवढे बोलून ती उतरली. तिने मागे पाहिले नाही. परडी डोक्यावर असल्याने पाहता आलेही नसते.

त्यानंतर चार आठवडे मी एकटाच त्या पडावावर राहिलो. भोकावर पत्रा ठोकला, त्याच्या शेजारची फळी सुटली. तीवर पत्रा ठोकला, तिच्या पलीकडची सुटली. हासानंदांनी विचारले, "डॉक्टर साहब, पेशंट कैसा है?" मी खिळ्यांचे पैसे ठेवून निघालो आणि त्यांनीही पुढे थट्टा केली नाही. भातात मीठ चिमटीने मोजून घालीत असे, आणि ते घातले काय न घातले काय, हे खाताना कळत नसे. पाणी जिभेवर घेण्याची रीत मात्र सुटेना. बोट आपोआप खाली जाई. ते बोट तोडून टाकावे असे मला कित्येकदा वाटले.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी चामटोलीहून निरोप आला की चिमी बाळंत झाली, मुलगी आहे, दोघी सुखरूप आहेत. मी पडावास तसाच सोडून निघालो. दोर बांधला नाही.

त्यांच्या घरी ओटीवर मला बसविले. द्रौपदीबाईंनी बाळास दुपट्यात गुंडाळून आणले, मागे पुतळाबाई वाटीत मध घेऊन उभी होती. त्यांच्याकडे बाळाच्या जिभेला पहिले मधाचे बोट आईच्या बापाने लावावयाचे असते. तोवर त्यांनी मजसाठी बाळाला मध चाटविला नव्हता. बाळाचे तोंड उघडे होते. आत ती एवढीशी जीभ, गुलाबी, कोरी, आणि सारखी हलत होती.

मी विहिरीवर जाऊन राखेने हात घासले. तीन वेळा घासले. परत येऊन ते बोट मधात बुडविण्यासाठी पुढे केले. नखात डांबराची रेघ होती. नाकाशी नेले तर वास कसला ते कळले नाही; नाकावरही माझा आता विश्वास नव्हता.

मी हात मागे घेतला. म्हणालो, "पुतळे, तू लाव."

तिने मधाचे बोट बाळाच्या जिभेला लावले. बाळाने तोंड मिटून ते चोखले. मग पुतळाबाईने तेच बोट स्वतःच्या जिभेला लावले आणि मजला सांगितले, "गोड हाय."