नळाला बांधलेली शेळी

भागीनं शेळी पुन्हा नळाला बांधली होती आणि मालोजी अंगणात उभा राहून बायकोच्या नावानं ओरडत होता.

"अगं, कितींदा सांगायचं तुला? सरकारी वस्तू हाय ती!"

"म्हनून तर बांधली. खुंटा हालतो, ह्यो हालत नाय." भागीचं झाडणं काही थांबलं नाही.

"आन् उद्या पानी आलं म्हंजी?"

"मंग शेळीच पिईल की. तिला तरी कशाला लांब न्यायची?"

बोरपाड्यात भागीसारखी जीभ दुसऱ्या कुणाला नव्हती, आणि मालोजीसारखा सरकारवर विश्वास ठेवणाराही दुसरा कुणी उरला नव्हता. खालापूरपासून आत, डोंगराच्या पायथ्याला हे गाव. दोन वर्षांमागं इथं दिल्लीची नळयोजना आली. टेकडावर टाकी बांधली, दारोदार नळ लागले, त्यांना निळा रंगसुद्धा दिला. टाकीत पाणी चढवायचा पंप तेवढा यायचा राहिला. लोकांनी बरेच दिवस वाट पाहिली आणि मग ज्याला जसा सुचला तसा नळाचा उपयोग सुरू केला. कुणी दोरी बांधून कपडे वाळत घातले, कुणी छत्री अडकवली. मालोजी मात्र रोज सकाळी आपला नळ फडक्यानं पुसायचा.

त्याला कारण होतं. शिमगा झाला की सगळ्या गावानं मिळून विहिरीचा गाळ काढायचा, ही इथली जुनी रीत. नळ बसले त्या साली हाच मालोजी उभा राहून म्हणाला होता, "आता दारात पानी येनार. विहिरीत कशाला उतरता?" लोकांनी ऐकलं. काम टाळायला सांगणाऱ्याचं लोक लगेच ऐकतात. आता विहीर गाळानं भरली होती आणि भागी ओहोळात खड्डा खणून वाटीवाटीनं पाणी भरत होती. वैशाखात टँकर येई तेवढाच काय तो आधार. तिनं नवऱ्याला तोंडावर कधी दोष दिला नाही. नुसती शेळी नळाला बांधली. ते मालोजीला जास्त लागायचं.

तरी त्याचं मत ठाम होतं, आणि कुणी ऐको न ऐको, तो ते पारावर बसून सांगायचा. "खालची मानसं खातात रं. वर दिल्लीला बिचाऱ्यांना ठावंच नाय. तिथल्या एकानं जरी येऊन डोळ्यानं बघितलं ना, दुसऱ्या दिवशी पंप!"

"एक्स्प्रेसवेवरची एक गाडी टोलातून सुटत नाय त्यांच्या," शेजारचा जयवंता म्हणायचा. "आन् तुझा कोरडा नळ तेवढा दिसत नाय व्हय, मालोजीदादा?"

आणि एक दिवस खरोखरच बातमी आली, की दिल्लीचा साहेब पाहणीला येतोय. मालोजीनं ट्रंकेतली टोपी काढली. पारावर जाऊन जयवंताकडं असं बघितलं, की जयवंतानं विडी विझवली.

पण साहेब यायच्या दिवशी, उजाडता उजाडता, ठेकेदाराचा माणूस स्वप्नील टँकर घेऊन टेकडावर गेला. टाकीत पाणी सोडलं आणि दारोदार सांगत फिरला, "सायेब येईस्तोवर कोनी नळ सोडायचा नाय. मालोजीकाकाच्या दारात नळ सोडू, फोटो काढू, मंग न्या काय न्यायचं ते."

मालोजीला ते सहन होईना. जन्मात एकदा दिल्ली दारात येणार, आणि तिला हा पोरगा गंडवणार! स्वप्नील हार-नारळ घेऊन सडकेला गेला तसा मालोजी गावभर धावत सुटला. "सोडा नळ! टाकी रिकामी करा! सायबाला कोरडा नळ दिसला पायजे!"

जयवंताच्या दारात हंडे, कळश्या, परात, पोरांचे डबे, सगळं आधीच तुडुंब भरलेलं होतं. "तू सांगायची वाट बघत बसतो व्हय? स्वप्न्याची पाठ वळली आन् सोडला नळ. ह्यांचं पानी परत कवा दिसायचं!"

मालोजीनं घरी येऊन स्वतःचा नळ सोडला. पाणी धो धो आलं. भागी पदर खोचून भांड्यामागून भांडं लावत होती आणि चक्क हसत होती. तिला असं हसताना पाहून मालोजीला वाटलं, हे रोज असंच यावं. पण त्याला तर ते संपवायचं होतं. नळानं शेवटची गुळणी टाकली, तेव्हा त्याला वाईटही वाटलं आणि आनंदही झाला.

दुपार कलल्यावर साहेबाची गाडी आली. हार घालून झाला. भागीनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तर साहेबानं हात जोडले आणि गाडीतली बाटली तोंडाला लावली. मग सगळे मालोजीच्या नळापाशी जमले. स्वप्नीलनं ऐटीत चावी फिरवली. नळातून नुसती हवा फुसफुसली.

"पानी कहाँ है?" साहेबानं विचारलं.

स्वप्नीलनं चावी पुन्हा फिरवून पाहिली. "सर, वो... लोगों ने अभी भर लिया!"

साहेबानं मान वाकवून घरात डोकावलं. हंड्यावर हंडा, सगळे काठोकाठ. तो जयवंताकडं गेला, तिथंही तेच. त्याचा चेहरा उजळला. "अरे वा! पानी तो घर-घर में है!" आणि त्यानं भागीच्या हंड्यांचा फोटो काढला.

मालोजी पुढं झाला. "साब, ये टँकर का पानी हाय! नल में कबी नही आया. दो साल पंप नही!"

साहेबानं मोबाइलवरून नजर काढली. चिडला नाही, उलट समजावणीच्या सुरात बोलला. "बाबा, इसमें दो ही बातें लिखनी हैं. घर में पानी है, या नहीं है." त्यानं हंड्यांकडं बोट केलं. "है ना?"

मालोजीनं हंड्यांकडं पाहिलं. त्यानंच भरायला लावलेले. साहेबाचं बोट मोबाइलवर टेकलं आणि गाडी धुरळा उडवत निघून गेली.

थोड्याच दिवसांत गावाच्या वेशीवर 'घरोघर पाणी पोहोचलेले गाव' असा फलक लागला. आणि पाणी पोहोचलेलं गाव म्हटल्यावर वैशाखातला टँकरही बंद झाला.

त्यानंतर पारावर मालोजीला कुणी चिडवलं नाही. "उद्या विहिरीत उतरू," मालोजीच म्हणाला. "पयला मी."

सकाळी तो कुदळ घेऊन निघाला तर शेळी मोकळी सुटलेली, मागं मागं आली. त्यानं तिला ओढत नळापाशी नेलं आणि दोन गाठी मारल्या. भागी दारातून बघत होती.

"अवो, सरकारी वस्तू हाय ना ती?"

"हाय," मालोजी म्हणाला. "चांगली मजबूत हाय. तू घमेलं घे आन् चल, ऊन चढायच्या आत गाळ काढायचाय."