माझी साक्ष कोण काढणार?

मी एक घडीची खाट बोलतेय. लोखंडी नळ्या आणि निळ्या पट्ट्या. एका माणसापुरतीच आहे मी. दुसरं कुणी नुसतं टेकलं तरी कुरकुरते.

माझी मालकीण शिवणकाम शिकवते. तिच्या लग्नात आईने मला दिलं, पाहुण्यांना उपयोगी पडेल म्हणून. पाहुणे क्वचितच आले. पण नवऱ्याचं डोकं फिरलं की तो तिला खोलीबाहेर काढून आतून कडी लावायचा. मग ती मुकाट्याने मला उलगडायची. सासूबाई हळूच येऊन तिच्या अंगावर पांघरूण घालायच्या.

शेवटी ती कोर्टात गेली. घटस्फोट मागितला नाही, फक्त कायदेशीर विभक्तता, म्हणजे लग्न न मोडता वेगळं राहण्याची मुभा मागितली. माणूस सुधारेल अशी वेडी आशा! हुकूम झाला आणि एक पिशवी नि मला घेऊन ती भाड्याच्या खोलीत आली.

तो सुधारला नाही. खोलीपाशी येऊन शिव्या देऊ लागला.

"आता मला मोकळं करा," ती वकीलबाईंना म्हणाली.

"विभक्तता म्हणजे घटस्फोट नव्हे, बाई. तो आपोआप मिळत नाही, वेगळा अर्ज करावा लागतो. आणि हुकुमानंतर वर्षभर तुम्ही दोघं पुन्हा नांदलेले नसायला हवं."

ते वर्ष सरत आलं होतं, तेवढ्यात सासूबाईंना अर्धांगवायू झाला. फोनवर जड जिभेने त्या एवढंच म्हणाल्या, "सूनबाई, ये गं."

ती गेली. मला टेम्पोत घालून गेली. सासूबाईंच्या पलंगाला खेटून मला मांडलं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं तिने केलं. नवऱ्याच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही. सासूबाई गेल्या, त्याच दिवशी तिने मला मिटलं.

पुढे वर्ष भरल्यावर अर्ज केला, तर नवऱ्याने उत्तर दिलं, "ही स्वतःहून नांदायला परत आली होती." समोरच्या काकूंनी साक्ष दिली, की ही त्याचे शर्ट वाळत घालताना दिसली. ते खोटं नव्हतं. सासूबाईंच्या चादरींबरोबर तिने शर्टही पिळले होते.

अर्ज फेटाळला गेला.

"अपील करू," वकीलबाई म्हणाल्या. "पण तुम्ही सासूबाईंच्या खोलीत झोपत होता, हे कुणी पाहिलंय?"

"सासूबाईंनी."

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं.

"कशाला गेलीस गं मरायला तिकडे?" बहीण कळवळून म्हणाली.

"त्यांच्या तोंडात पाणी कोण घालणार होतं?" म्हणत ती हमसून हमसून रडली.

आज तो पुन्हा आलाय. "कोर्टाने सांगितलंय, तू माझीच बायको आहेस. चल घरी!" दारावर थापा पडताहेत. तिने कडी लावली, मला मिटून दाराला आडवं लावलं आणि पाठ टेकून माझ्यावर सगळा भार टाकला. ती थरथरतेय, आणि तिच्याबरोबर मीही.

कुणीतरी मला बोलवा हो त्या कोर्टात. ती माझ्यावर झोपत होती. एकटी. एवढं लिहून घ्या, पण लवकर. माझ्या नळ्या वाकायला लागल्यात.