वरच्या वाडीची पाखाडी

"दहापैकी किती दुखतं?" व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"आठ," विनीत म्हणाला.

"पाठ माझी आसा मां?" मथुरा लेकाकडे न बघताच म्हणाली. "काल चार होती. आज पाच."

आचऱ्यात डोक्यावर पाटी घेऊन मासे विकण्यात मथुरेची सव्वीस वर्षे गेली होती, आणि त्यातली नऊ पाठ दुखण्यात. विनीतने तिला कणकवलीला आणले होते ते 'आता पुरे' हे डॉक्टरांच्या तोंडून वदवून घ्यायला. मथुरेचेही चुकत होतेच. पाठ जरा हलकी वाटली की बुडालेले दिवस भरून काढायला बाई दुप्पट मासळी उचलायची, आणि मग तीन दिवस आडवी. कुणी समजवायला गेले की भांडायला उठायची.

"दुखल्यावर थांबू नका, त्याच्या आधीच थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुठं थांबायचं ते तुम्हीच शोधा."

"घरी थांबायचं, आणखी कुठं?" विनीत म्हणाला.

मथुरेने खरेच शोधले. आठ दिवस ती अर्धी पाटी घेऊन फिरली. बाजार, खालची वाडी, पुढे ओढ्यावरच्या साकवापर्यंत पाठ गप्प असायची. साकवापलीकडे वरच्या वाडीला जाणारी जांभ्या दगडांच्या पायऱ्यांची पाखाडी होती; तिच्या तिसऱ्या वळणावर कळ सुरू व्हायची. मग तिने ठरवले, धंदा सोडायचा नाही, फक्त वरची वाडी सोडायची. ठरवून झाल्यावर चुलीपुढे बसून ती पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हातांनी पाखाडी चढली. पाटी यशोदेच्या डोक्यावर होती. यशोदा धंद्यात नवी, वयाने वीस वर्षांनी लहान. वरच्या वाडीतल्या काशीबाई मथुरेशिवाय कुणाचे मासे घेत नसत, म्हणून गाठ घालून देणे भाग होते.

"पाटी खंय तुझी?" काशीबाईंनी विचारले.

"आजपासून हीच येतली. माका चढण झेपणा नाय."

"झिलान बंद केल्यान?" काशीबाईंना विनीतचाच संशय आला.

"नाय. मीच ठरवलंय. खाली मीच आसय."

काशीबाई पाटीकडे वळल्या. मग वाकून त्यांनी पाटीतला एक बांगडा उचलला आणि कल्ला उघडून पाहिला.

"आजचे मां?"

मथुरेने तोंड उघडले.

"आजचेच, काकी," यशोदा म्हणाली.

मथुरेने पदर सारखा केला आणि ती बाजूला सरकून उभी राहिली.