दुकान वाढवा!

शोभाबाईंचं दुकान म्हणजे सुरतेच्या डिंडोलीतल्या त्यांच्या बैठ्या घराचा ओटा. उडदाचे पापड, कुरडया आणि आपल्या खानदेशातले ज्वारीचे पापडासारखे बिबडे, सगळं घरचं. जाणाऱ्या-येणाऱ्या बायका थांबायच्या, बिबड्याचा तुकडा मोडून तोंडात टाकायच्या, घटकाभर बोलायच्या आणि पिशवी भरून न्यायच्या. संध्याकाळी डबे आत घेताना शोभाबाई म्हणायच्या, "चला, दुकान वाढवू." दुकान 'बंद करू' असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत.

मग त्यांच्या मुलानं, केदारनं, नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. घर छान, उजेड भरपूर, सूनही गोड. पण पापडासाठी तीन जिने कोण चढणार? केदार म्हणाला, "आई, खूप केलंस. आता आराम कर." मुलं हे प्रेमानंच म्हणतात हो! पण जिचा जन्म गिऱ्हाइकांशी बोलण्यात गेला, तिला कसला आलाय आराम? कपडे वाळत घालायला गॅलरीत गेल्या की शोभाबाई खालच्या रस्त्याकडे बघत तिथंच उभ्या राहायच्या.

नव्याण्णव साल होतं ते. इंटरनेटवर म्हणे दुकानं निघाली, असं टीव्हीवर सांगत होते. जेवताना शोभाबाईंनी भीत भीत विचारलं, "का रे केदार, त्या इंटरनेटवर बिबडे विकता येतील का?"

केदारला ठसकाच लागला. "आई, तुला रिमोट सुलटा धरता येत नाही, आणि कॉम्प्युटर? या वयात? सोसायटी हसेल ना!"

शोभाबाईंनी ताटं उचलली. दुसऱ्या दिवशी मात्र त्या पहिल्या मजल्यावर विजयाताईंकडे गेल्या. विजयाताई बँकेतून निवृत्त झालेल्या. परदेशातल्या मुलानं त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला होता.

"हसू द्या की!" सगळं ऐकून विजयाताई म्हणाल्या. "बँकेत कॉम्प्युटर आला तेव्हा माझी पन्नाशी झाली होती. मलाही हसले. शोभाबाई, वय आडवं येत नाही, लाज आडवी येते. मी शिकवते. पण एक अट. माउस तुमच्याच हातात राहणार. मी बोट दाखवीन, हात लावणार नाही."

शोभाबाई उंबऱ्याबाहेर चपला काढून, हात धुऊन, यंत्राला नमस्कार करून बसायच्या. पहिल्यांदा त्यांनी माउस लाटण्यासारखा दोन्ही हातांनी फिरवला. बाण वर न्यायचा म्हटल्यावर माउसच उचलून हवेत धरला! "अहो, टेबलावर, टेबलावर!" म्हणत दोघी पोट धरून हसल्या. एकेक अक्षर शोधत, चुकत, पुसत त्यांनी इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या जागेवर आपलं पान उभं केलं. स्टुडिओतून पापड-बिबड्यांचे फोटो फ्लॉपीवर करून आणले. खाली भाव लिहिले. माल पोस्टानं जाणार, पैसे पोस्टमनकडे द्यायचे. पान पहिल्यांदा पडद्यावर उघडलं तेव्हा शोभाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "माझं दुकान व माय!"

पण दुकानात कुणी फिरकेना. रोज जिना उतरायचा, कॉम्प्युटरवरचं टपाल उघडायचं, रिकामं! केदार चिडवायचा, "काय आई, माशी तरी आली का दुकानात?"

एका संध्याकाळी शोभाबाई खुर्चीत बसल्याच नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "ताई, वाढवा आता दुकान."

"वाढवू की! काय काय वाढवायचं?"

"चेष्टा करता का? वाढवा म्हणजे बंद करा!"

"ते कळलं मला. मग सरळ 'बंद करा' का नाही म्हणालात?"

"दुकानाला तसं म्हणू नये."

"का म्हणू नये?"

शोभाबाई घुटमळल्या. "सकाळी परत उघडायचं असतं म्हणून."

"बघा! तुमच्या तोंडून तो शब्द निघत नाही, आणि मी बंद करू होय? बसा इथं. ओट्यावर काय नुसते फोटो ठेवले होते का तुम्ही? तिथं बोलणाऱ्या शोभाबाई होत्या. या पानावर त्या कुठं आहेत?"

शोभाबाई पानाकडे बघतच राहिल्या. खरंच की! नाव आणि भाव, बाकी चकार शब्द नाही. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि इंग्रजी अक्षरांत आपली मराठी टाइप करायला लागल्या. ज्वारी कशी भिजवायची, तीळ-लसूण केव्हा घालायचा, बिबडा निखाऱ्यावर भाजून शेंगदाण्यांबरोबर कसा खायचा. शेवटी लिहिलं, 'काही अडलं तर विचारा. संकोच करू नका.'

आणि एके दिवशी टपाल आलं! बंगळुरूहून कुणी तारा नावाची बाई लिहीत होती, 'मावशी, माझी आई बिबडे करायची. ती गेल्यापासून खाल्ले नाहीत. तुमचं वाचलं आणि तिचंच बोलणं ऐकल्यासारखं वाटलं. दोन किलो पाठवा.'

शोभाबाईंनी केदारला हाताला धरून खाली आणलं. तो पडद्यासमोर उभा राहून वाचत राहिला. चिडवणं कुठल्या कुठं गेलं. मग हळूच म्हणाला, "आई, चुकलो मी. शेठनं आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आणलाय. सगळे हसतील म्हणून मी त्याला हातच लावत नाही. मला शिकवशील?"

अरे देवा! म्हणजे आईला लोक हसतील असं म्हणणाऱ्या लेकाला खरी धास्ती स्वतःचीच होती! शोभाबाईंनी त्याला खुर्चीत बसवलं, त्याचा हात माउसवर ठेवला आणि आपले हात पदरात घेतले. "मी बोट दाखवीन. हात लावणार नाही."

वाचकहो, आपल्याही घरात कुणी भीत भीत काही विचारत असेल. त्याला वय काढून दाखवू नका. हसूही नका. शिकणाऱ्याच्या हातातलं काम ओढून घेऊ नका, नुसतं शेजारी बसा. माणूस शिकायचा थांबतो तो वयानं नव्हे, आपल्या हसण्यानं.

त्या संध्याकाळी कॉम्प्युटरवरून उठताना केदारनं विचारलं, "आई, बंद करू?"

"बंद नाही रे," शोभाबाई म्हणाल्या. "वाढव."